सातारा-देवळाईत राहायला जावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरचा बीड बायपास ओलांडला की डोंगराच्या पायथ्यापर्यंत सातारा आणि देवळाई पसरलेलं आहे. गुलमंडीजवळच्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून आम्ही इथं आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून बीड, जालना, परभणीकडच्या नात्यात कुणाच्या मुलाला वाळूजला नोकरी लागली, कुणी मास्तर निवृत्त झाले, कुणाची मुलगी शिकायला शहरात आली, की मला फोन येतो. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून काढले. ही उत्तरं इथं राहणाऱ्या बाईची आहेत. माझ्याकडे विकायला काही नाही.

इथं जागा स्वस्त का मिळते?

हा प्रश्न इसार देण्याआधी विचारायचा असतो. बहुतेक जण तो घरात राहायला आल्यावर विचारतात.

सिडकोने शहरात आधी रस्ते आखले, नळ आणि ड्रेनेज टाकलं, मग प्लॉट दिले. आमच्याकडे नेमकं उलट झालं. ही दोन्ही गावं ग्रामपंचायतीची. शहर वाढत बायपासपाशी आलं, शेतकऱ्यांनी शेतं विकली, घेणाऱ्यांनी चुना टाकून गुंठे पाडले आणि लोकांनी घरं बांधली. रस्ता, नळ, गटार यांचा विचार त्यानंतर सुरू झाला. २०१४ मध्ये नगर परिषद झाली. ती मूळ धरते न धरते तोच २०१५ मध्ये सगळा भाग महापालिकेत गेला. म्हणजे पाटी महापालिकेची, पण वस्तीची हाडं ग्रामपंचायतीच्या काळातली.

त्यामुळे सिडकोच्या आणि इथल्या भावातला जो फरक दिसतो, तो पाणी, रस्ता किंवा कागद या तिघांपैकी कशात तरी दडलेला असतो. कधी तिन्हींत. तुम्ही पाहताय त्या जागेत तो नेमका कशात आहे, हे शोधल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

पाण्याचं खरं सांगा.

खरं सांगते. जायकवाडी पैठणला, शहरापासून पन्नास-एक किलोमीटरवर. त्याच्या जलाशयाचा, म्हणजे नाथसागराचा, जिवंत साठा ७६ टीएमसीच्या वर. धरण तुडुंब भरलेलं असतानाही शहरात पाच-पाच, आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येण्याचे दिवस आम्ही पाहिलेत. धरणात पाणी नव्हतं असं नाही. ते वर उचलून आणणाऱ्या वाहिन्या जुन्या झाल्या होत्या आणि शहर त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठं झालं होतं. म्हणून १,६८० कोटींची नवी योजना आली. तिचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं आणि पुढे खर्च २,७४० कोटींवर गेला. अडीच मीटर व्यासाची वाहिनी. तिच्या खोदकामाची धूळ पैठण रोडवरून जाणाऱ्या प्रत्येकाने खाल्ली आहे.

जागा दाखवणारा ‘नव्या योजनेचं पाणी येणारच आहे’ असं म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नका. त्या गल्लीत जा आणि एखाद्या घराचं दार वाजवून तिथल्या बाईला विचारा, ‘ताई, नळाला पाणी येतं का? कितव्या दिवशी येतं, किती वेळ असतं?’ पुरुषांना विचारलंत तर ते योजनेबद्दल बोलतील, बाई हंड्याबद्दल बोलेल. तुम्हाला हंड्याची माहिती हवी आहे.

मोठी वाहिनी चौकापर्यंत येणं, गल्लीत पाइप पडणं आणि घरातल्या तोटीतून पाणी पडणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यात वर्षं जातात.

टँकरवर राहायचं म्हटलं तर महिन्याला किती लागतील?

हिशेब घरीच करता येतो. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. चार माणसांचे ५४० लिटर, म्हणजे महिन्याला सोळा हजार लिटरच्या आसपास. पाच हजार लिटरचे तीन टँकर आणि वर थोडं. टँकर समजा ७०० रुपयांना धरला, तर २,१०० रुपये हा दुसरा हप्ताच झाला. एप्रिल-मेमध्ये भाव चढतो आणि फोन उचलला जात नाही, हेही त्यात धरा. पिण्याचे जार वेगळे.

अपार्टमेंट असेल तर सगळ्या इमारतीचा हिशेब करा. २४ फ्लॅटना रोज जवळपास १३,००० लिटर लागतात. पार्किंगखालची टाकी किती लिटरची आहे आणि गेल्या मे महिन्यात मेन्टेनन्स किती निघाला, हे अध्यक्षांना विचारा. पावत्या दाखवायला टाळाटाळ झाली, तर उत्तर मिळालं असं समजा.

बोअरला भरपूर पाणी आहे म्हणतात. मग काळजी कशाला?

कोणत्या महिन्यात भरपूर आहे? आपल्या मराठवाड्याखाली काळा बेसाल्ट आहे. त्यात पाणी वाळूसारखं सगळीकडे साठत नाही. वरच्या मुरुमात आणि खडकातल्या भेगांत जेवढं मावतं तेवढंच. म्हणून एका प्लॉटमध्ये बोअर धो धो चालतो आणि वीस फुटांवरच्या शेजाऱ्याचा कोरडा जातो. त्यातच दर प्लॉटला एक बोअर. एकाच थाळीत तीस जणांनी हात घातल्यासारखं ते आहे. आमचा बोअर पहिली तीन वर्षं बारमाही चालला. समोरच्या रिकाम्या जागेवर दोन इमारती उभ्या राहिल्या आणि चौथ्या उन्हाळ्यात, पाडव्याच्या आसपास मोटर नुसती गुरगुरायला लागली. त्या रात्री मी रडले होते. धाकटा दीड वर्षाचा होता आणि घरात दोन बादल्या पाणी.

पुढच्या वर्षी गच्चीचं पाणी गाळून बोअरजवळच्या खड्ड्यात सोडलं. त्याने बोअर काही बारमाही झाला नाही, पण महिनाभर जास्त चालतो. आमच्या गल्लीतल्या आठ घरांनी हे केलंय. तुम्ही आलात तर तुम्हीही करा, कारण खालचं पाणी सगळ्यांचं एकच आहे.

‘बाँडवरचा प्लॉट’ घ्यावा का? फारच स्वस्त मिळतोय.

नाही. या एका प्रश्नाला मी ‘पण’ लावणार नाही.

बाँडवर म्हणजे स्टॅम्प पेपरवर नोटरी करून दिलेला व्यवहार. त्याने मालकी येत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपयांच्या वरची स्थावर मालमत्ता विकायची तर खरेदीखत रजिस्ट्री ऑफिसात नोंदवावं लागतं. बाँडवर घेणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर लागत नाही, त्यावर बँक कर्ज देत नाही, आणि तोच प्लॉट दुसऱ्याला तिसऱ्यांदा विकला गेला तर हातात तो कागद घेऊन कोर्टाच्या पायऱ्या. माझ्या एका नात्यातल्या काकांनी निवृत्तीचे पैसे असेच घातले. त्या वीस बाय तीसच्या तुकड्यावर आज दुसऱ्याचं पत्र्याचं शेड आहे. काका ते पाहायलासुद्धा जात नाहीत.

मग कागद कोणते पाहायचे?

सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या नावावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) आणि फेरफार. नुसता आजचा सातबारा पुरत नाही. नाव कुणाकडून कुणाकडे कसं गेलं ते फेरफारांत दिसतं. वाटणी झाली असेल तर बहिणींची नावं कुठे गेली ते बघा. हक्कसोडपत्र नोंदवलेलं आहे की नुसतं ‘त्यांना काही नको’ असं तोंडी आहे? वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या, आणि वकील तुमचा असावा, प्लॉट विकणाऱ्याने सुचवलेला नसावा. वकिलाची फी वाचवणारे लोक मी पाहिलेत. ती वाचवण्याची जागा नव्हे.

आपल्या मराठवाड्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते, जी पुण्याकडच्या पाहुण्यांना ठाऊक नसते. आपण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. त्या काळच्या इनाम जमिनी अजून सातबाऱ्यावर सापडतात. मदतमाश म्हणजे कुणाच्या उदरनिर्वाहासाठी दिलेली जमीन. खिदमतमाश म्हणजे देवस्थान, मशीद, दर्गा यांच्या सेवेसाठी दिलेली. मदतमाश जमिनी वर्ग एकमध्ये, म्हणजे सरकारची परवानगी न घेता विकता येणाऱ्या जमिनींत, आणण्यासाठी सरकारला भरायचा नजराणा २०२४ मध्ये बाजारभावाच्या ५० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला, त्यामुळे तिथे रस्ता निघू शकतो. खिदमतमाश, वक्फ किंवा गायरान असा शब्द कुठे दिसला तर मात्र उठून घरी या. ‘भोगवटादार वर्ग-२’ (म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसलं तर परवानगीचा कागद हातात पडेपर्यंत थांबा. ही अक्षरं सातबाऱ्याच्या कोपऱ्यात बारीक असतात. चष्मा लावून वाचा.

एन. ए., यलो झोन, गुंठेवारी… डोकं चक्रावतं. सोपं करून सांगाल?

यलो झोन म्हणजे विकास आराखड्यात ती जागा राहण्यासाठी ठेवलेली आहे. ग्रीन झोन म्हणजे शेती. एन. ए. म्हणजे त्या जमिनीचा वापर बिगरशेती करायची परवानगी. झोन दाखला महापालिकेतून काढता येतो. शहराच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा २०२४ मध्ये आला आहे. तुमच्या प्लॉटवरून एखादा आराखड्यातला रस्ता किंवा बागेचं आरक्षण जात नाही ना, हे त्या दाखल्यासोबतच्या नकाशावर बोट ठेवून बघा. (आमच्याकडे ‘डीपी’ म्हटलं की अर्ध्या लोकांना हा आराखडा आठवतो आणि अर्ध्यांना विजेचा ट्रान्सफॉर्मर. दोन्हींची चौकशी करा. ट्रान्सफॉर्मरवर आधीच भार जास्त असेल तर मे महिन्यात रात्री पंखा चालत नाही.)

गुंठेवारी म्हणजे परवानगी न घेता पाडलेले तुकडे. त्यांच्यासाठी २००१ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं ठरलेलं शुल्क भरून नियमित करता येतात. आमच्या भागातली हजारो घरं याच वाटेने कायदेशीर झाली आणि होत आहेत, त्यामुळे गुंठेवारी शब्द ऐकूनच घाबरायचं कारण नाही. मात्र ‘गुंठेवारी होऊन जाईल’ आणि ‘गुंठेवारीचं प्रमाणपत्र हे घ्या’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पैसे दुसऱ्या वाक्यावर द्यायचे. आणि आज पाडलेला नवा प्लॉट २०२० चा म्हणून विकत असतील, तर तो माणूस पुढे कशाकशात खोटं बोलेल याचा विचार करा.

फ्लॅट घ्यावा की रो हाऊस?

गावाकडून येणाऱ्याला जमीन आपली असावी वाटतं, पायाखाली अंगण असावं वाटतं. मलाही वाटलं होतं, म्हणून रो हाऊस घेतलं. आज घेणाऱ्याला मात्र मी सांगेन की कागद फ्लॅटचे जास्त सरळ असतात. ५०० चौरस मीटरच्या वरच्या जागेवरचा आणि आठपेक्षा जास्त घरांचा प्रकल्प असेल तर महारेराची (बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची) नोंदणी लागते, आणि घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. नोंदणी क्रमांक मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहा. तिथे मंजूर नकाशा, ताबा देण्याची तारीख, कज्जे सगळं दिसतं. भाव कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर बोला. तयार इमारतीत भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला वापरता येईल असा महापालिकेचा दाखला) नसेल तर नळजोडणीपासून कर्जापर्यंत सगळीकडे अडतं.

सात-आठ रो हाऊसेसचा छोटा प्रकल्प या नियमातून निसटतो. तिथे तुमच्या वकिलावरच सगळी भिस्त.

बाईच्या नावावर घेतलं तर फायदा होतो का?

होतो. राहतं घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. तीस लाखांच्या घरावर तीस हजार वाचले. नोंदणी फी १ टक्का, पण ३०,००० रुपयांच्या वर नाही. पैशाचं बाजूला ठेवा; घरात ज्या बाईचा दिवस जातो तिचं नाव दारावर नाही, निदान कागदावर तरी असू द्या.

पावसाळ्यात तिथे जाता येतं का? चिखल होतो म्हणतात.

पूर्वी व्हायचा तेवढा आता नाही. बायपास रुंद झाला, उड्डाणपूल झाले, बऱ्याच गल्ल्यांत सिमेंट पडलं. शिवाजीनगरच्या रेल्वे फाटकापाशी उन्हात उभं राहून आमची अर्धी उमर गेली. मुलांची शाळा, कुणाचं बाळंतपण, सगळं त्या फाटकापाशी अडायचं. तिथला भुयारी मार्ग आमच्यासाठी सणासारखा आहे.

आतल्या वस्त्यांत अजून काळ्या मातीचे रस्ते आहेत. डोंगरातून उतरणारे ओढे कुठे कुठे बुजवून प्लॉट पाडलेत. पाणी आपली वाट विसरत नाही. ऑगस्टमध्ये, जोराचा पाऊस पडल्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊन बघा. भिंतीवर ओलीची रेघ किती उंचीवर आहे ते दिसेल. मे महिन्यात पाणी बघायचं आणि ऑगस्टमध्ये रस्ता. दिवाळीनंतर सगळं छानच दिसतं, म्हणून विकणारे त्याच दिवसांत बोलावतात.

नोकरी वाळूजला आहे. देवळाई सोयीची पडेल का?

जायला-यायला तीस किलोमीटर धरा. पंचवीस दिवसांचे साडेसातशे. पन्नासचं अॅव्हरेज देणाऱ्या गाडीला पंधरा लिटर पेट्रोल, म्हणजे दीड हजार रुपये आणि रोजचा दीड तास. पहिल्या पाळीला पहाटे निघताना हिवाळ्यात नगर नाक्यापुढे ट्रक अंगावर येतात. नवरा-बायको दोघंही वाळूजला असाल तर बजाजनगर, वडगाव कोल्हाटी, रांजणगाव शेणपुंजी हा भाग आधी पाहा. बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये आला तेव्हापासून ती वस्ती कामगारांच्या वेळापत्रकाने जागी होते आणि झोपते. एक वाळूजला, दुसरं शहरात असं असेल तर देवळाई मधली पडते. शेंद्र्याला असाल तर जालना रोडच्या बाजूने चिकलठाणा, कुंभेफळ बघा.

ऑरिकमध्ये (शेंद्रा-बिडकीनच्या नव्या औद्योगिक शहरात) मोठमोठे कारखाने येतायत. आताच घेऊन ठेवलं तर भाव दुप्पट होईल ना?

कारखाने येतायत हे खरं आहे. टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये सरकारशी करार केला, एथर एनर्जीने इथं यायचं ठरवलं, आणि समृद्धी महामार्ग तर शहराच्या दारातूनच जातो. पण बिडकीनचा कारखाना आणि देवळाईतल्या बोळातला तुमचा प्लॉट यांच्यात काय नातं आहे, ते मला कुणी अजून समजावून सांगितलेलं नाही. राहायला घ्यायचं असेल तर राहण्याच्या दृष्टीने बघा. भाव वाढेल म्हणून कर्ज काढून घेतलेले आणि वर्षानुवर्षं बाभळी वाढलेले प्लॉट इथं पावलोपावली आहेत. त्यांच्यामुळे गल्ली ओसाड राहते, दिवे लागत नाहीत, साप निघतात, आणि त्रास शेजारी राहणाऱ्याला होतो.

भाडं भरण्यापेक्षा हप्ता बरा, असं सगळे म्हणतात.

वीस लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं. हप्ता साधारण १७,३५० रुपये. तेवढ्या घराचं इथलं भाडं त्याच्या निम्म्यावर असतं. हप्त्यात टँकर, पेट्रोल, मेन्टेनन्स, मालमत्ता कर मिळवा आणि घरात येणाऱ्या पगारासमोर मांडा. शेतीच्या उत्पन्नावर हप्ता धरू नका. एका वर्षी सोयाबीन हातचं गेलं की बँक थांबत नाही. आपल्याकडे हे कुणाला वेगळं सांगायला लागू नये.

शाळा, दवाखाना?

शाळा पुष्कळ, बसही दारात येते. रोजचे डॉक्टर आहेत. मोठं दुखणं आलं की घाटी (शहरातलं सरकारी रुग्णालय) किंवा शहरातली मोठी रुग्णालयं. रात्री अर्ध्या तासात पोचता येतं, सकाळी दहा वाजता नाही.

सासू-सासऱ्यांना गावाकडून आणायचंय. त्यांचा जीव रमेल का?

माझ्या सासूबाईंचा रमला. गुलमंडीत त्या खोलीतून खाली उतरत नसत. इथं ओसरीवर बसून निवडणं-टिपणं करतात, आणि गल्लीत गेवराई, अंबड, जिंतूरची माणसं असल्यामुळे बोली तीच कानावर पडते. चंपाषष्ठीला साताऱ्याच्या खंडोबाची यात्रा भरते, भरीत-रोडगा होतो, भंडारा उधळला जातो. शहरात असूनही गावाला मुकल्यासारखं त्यांना वाटत नाही. संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकवाला चाळीस बायका येतात. पहिल्या वर्षी तिघी आल्या होत्या.

संध्याकाळनंतरचा प्रश्न मात्र विचारूनच घ्या. काही गल्ल्यांत दिवे नीट आहेत, काहींत नाहीत. तरुण मुलगी क्लासवरून आठ वाजता येणार असेल, तर तुम्ही स्वतः आठ वाजता बस थांब्यापासून त्या घरापर्यंत चालत जा.

एवढं ऐकून निर्णयच होईना. काय करू?

आधी भाड्याने या. मार्चमध्ये अकरा महिन्यांचा करार करा, तो नोंदवून घ्या, आणि ज्या गल्लीत घ्यायचं मनात आहे त्याच गल्लीत राहा. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही त्यात येतात. टँकरवाल्याचा नंबर, गल्लीतली भांडणं, कोणत्या बिल्डरचं छत गळतं, कोण घर विकायला काढणार आहे, हे सगळं जूनपर्यंत तुम्हाला कुणी न सांगता कळलेलं असेल. माझ्या भाच्याने असंच केलं. सहा महिन्यांनी त्याने पाहून ठेवलेला फ्लॅट सोडला आणि दोन गल्ल्या पलीकडे, सव्वा लाख जास्त देऊन दुसरा घेतला. तिथल्या नळाला पाणी येतं.